आजारी कासवाची शुश्रूषा : ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांसाठी

पाळलेल्या कासवाचे दुखणे हे बहुतेक वेळा त्याच्या राहण्याच्या जागेचे दुखणे असते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत किंवा प्लास्टिकच्या टबात वाढणाऱ्या कासवांना जे आजार होतात, त्यांतले थोडेच थेट संसर्गाने सुरू होतात. बाकीच्यांची मुळे पाण्यात, उजेडात, उबेत आणि रोजच्या खाण्यात सापडतात. संसर्ग येतो तो मागाहून, शरीर आधीच दुबळे झाल्यावर. मूळ कारण तसेच ठेवून दिलेले औषध चार दिवस गुण देते आणि मग दुखणे पुन्हा डोके वर काढते. म्हणून या विषयात शुश्रूषा आणि जागेची दुरुस्ती या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

कासवाला स्वतःच्या शरीराची ऊब स्वतः राखता येत नाही. भोवतालचे पाणी किंवा हवा जितकी उबदार, साधारण तितकेच त्याचे अंग उबदार. अन्न पचणे, जखम भरणे, जंतूंशी झुंजणे, औषध अंगात भिनणे आणि पुन्हा बाहेर पडणे या साऱ्या क्रिया त्या उबेवर चालतात. ऊब कमी पडली की त्या मंदावतात. आजारही मंद गतीने वाढतो आणि कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही. त्यातच अशक्तपणा लपवणे हा रानातल्या प्राण्यांचा स्वभाव कासवात पुरेपूर उतरलेला असतो, कारण निसर्गात दुबळे दिसणारा प्राणी आधी खाल्ला जातो. ‘परवापासून खात नाही’ म्हणून कासव डॉक्टरांकडे येते तेव्हा दुखणे पुष्कळदा महिना-दोन महिने जुने असते. यावर सगळ्यांत साधा उपाय म्हणजे दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी डिजिटल काट्यावर वजन करून ते वहीत लिहून ठेवणे. रोज पाहणाऱ्याची नजर फसते. सलग तीन-चार आठवडे घटत गेलेला आकडा दुर्लक्षिता येत नाही.

उपचाराआधी कासव कोणत्या जातीचे आहे हे कळले पाहिजे. या पट्ट्यातल्या घरांत प्रामुख्याने तीन जाती आढळतात. पहिली रेड इअर्ड स्लायडर, म्हणजे कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी पाणकासव. मूळचे ते मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. एक्वेरियमच्या दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडेच मोठे असताना विकले जाते आणि घेणाऱ्याला ते तेवढेच राहील असे वाटते. प्रत्यक्षात मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे जगते. दुसरे तारा कासव : पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले, कोरड्या माळरानावर राहणारे, पाण्यात पोहू न शकणारे. तिसरे आपल्याकडच्या तलावांतले आणि भातखाचरांतले फ्लॅपशेल. पावसाळ्यात ते रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात चालत येते आणि कुणीतरी हौसेने उचलून घरी नेते.

पहिले पाण्यातले, दुसरे जमिनीवरचे. तारा कासवाला खोल टबात सोडले तर ते बुडून मरते, आणि स्लायडरला कोरड्या खोक्यात ठेवले तर त्याला नीट गिळता येत नाही, कारण ते पाण्यात तोंड बुडवूनच खाते. फ्लॅपशेलच्या पाठीची कड मुळातच कातड्यासारखी मऊ असते. तो आजार नव्हे. स्लायडरची पाठ मात्र बोटाने दाबली जात असेल तर प्रकरण गंभीर आहे.

जातीबरोबर कायद्याचा प्रश्नही येतो. तारा कासव आणि फ्लॅपशेल ही दोन्ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ती पहिल्या अनुसूचीत मोडतात. तारा कासवांच्या तस्करीमुळे २०१९ मध्ये साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानेही त्यांना सर्वांत कडक यादीत घातले. ती घरात बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, मग ती कुणी भेट दिलेली असोत की वास्तुशास्त्रासाठी आणलेली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी घरात ठेवून गुपचूप औषधपाणी करणे हा मार्गच नाही. असे कासव आजारी असो वा धडधाकट, ते वनविभागाच्या हवाली करावे. महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठी आहे. मुलुंड-ठाणे भागातली ‘रॉ’ आणि कल्याणची ‘वॉर’ यांसारख्या बचाव संस्था वनविभागाबरोबर हेच काम करतात. आफ्रिकी सुलकाटासारख्या परदेशी जाती अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत येतात आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. पुढचे विवेचन मुख्यतः घरोघरी दिसणाऱ्या स्लायडरविषयी आहे. जमिनीवरच्या कासवांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे.

आधी ऊब. मोठ्या स्लायडरला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी आणि त्याच टाकीत ३२ ते ३५ अंशांची, पूर्ण कोरडी, ऊन खाण्याची जागा लागते. कासव आपल्या गरजेप्रमाणे या दोन्हींत ये-जा करते आणि त्यातूनच शरीराचे तापमान सांभाळते. आजारी असताना पाणी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला, २८ अंशांच्या आसपास ठेवतात. ठाण्याच्या हवेत हे आपोआप जमेल असे वाटते, पण जमत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो, कल्याण-बदलापूरकडे त्याहूनही खाली. फरशीवर ठेवलेल्या टबातले पाणी रात्रभरात चांगलेच गार होते. अशा वेळी कासव निपचित पडते आणि घरातले म्हणतात, ‘ते थंडीत झोपते.’ हा गैरसमज घातक आहे. खरी शीतनिद्रा सलग कडक थंडीत, आधी चरबी साठवून आणि आतडी रिकामी करून घेतली जाते. कोकणपट्टीच्या हिवाळ्यात दुपारी तीस अंश आणि पहाटे पंधरा अशी चढ-उतार चालते. त्यात कासव ना धड झोपते ना धड जागते, पोटातले अन्न तसेच सडते आणि फुप्फुसात जंतू बळावतात. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर आणि एक्वेरियमचा हीटर घेतला असता तर यांतली पुष्कळ दुखणी झालीच नसती.

उन्हाळ्यातला धोका उलटा. एप्रिल-मे महिन्यांत डोंबिवली-कल्याणचा पारा चाळिशीला टेकतो. गॅलरीत उन्हात ठेवलेली काचेची टाकी पाहता पाहता तापते आणि कासवाला पळायला जागा नसते. ऊन दाखवायचे ते सकाळचे, वीस-तीस मिनिटे, निम्म्या जागेवर सावली करून आणि कुणीतरी जवळ बसून. कावळे, घारी आणि मांजरी यांच्यासाठी वर जाळी हवीच.

उजेडाचा मुद्दा उबेहून वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यावाचून खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ आत येत नाहीत. काचेमागे लख्ख उजेडात ठेवलेले कासव त्या दृष्टीने अंधारातच असते. साध्या पिवळ्या बल्बने ऊब मिळते, यूव्हीबी नाही. ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत. त्या काळात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी यूव्हीबी नळी लावणे हा एकच उपाय उरतो. ती दिसायला चालू असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण क्षीण होतात आणि ती बदलावी लागते.

पाण्याबद्दल थोडक्यात. स्लायडर ज्या पाण्यात खाते त्याच पाण्यात घाण करते. गढूळ, वास मारणाऱ्या पाण्यात अमोनिया साठतो आणि डोळे, कातडी, पाठ या क्रमाने बिघडत जातात. महापालिकेच्या नळाचे क्लोरीनयुक्त पाणी चोवीस तास उघडे ठेवून मग वापरावे. लहान फिल्टर माशांसाठी बनवलेले असतात. कासवासाठी त्याच्या दुप्पट क्षमतेचा लागतो आणि तरीही पाणी बदलणे चुकत नाही. खायला वेगळ्या टबात घातले तर निम्मी घाण टाकीत येतच नाही.

खाण्यात मात्र पुष्कळ सांगण्यासारखे आहे. दुकानातून मिळालेली एकच डबी वर्षानुवर्षे चालू राहते, किंवा सुकवलेला जवळा आणून टाकला जातो, कारण कासव तो आवडीने खाते. जवळ्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. शाकाहारी घरांत भात, पोहे, चपाती, ब्रेड दिले जातात. ते कासवाचे अन्नच नव्हे. वाढत्या वयाच्या स्लायडरला प्राणिज प्रथिने लागतात. मोठे झाल्यावर त्याचा कल पालेभाज्या आणि पाणवनस्पतींकडे वळतो. चांगल्या प्रतीची कासवांची गोळी, आठवड्यातून एक-दोनदा छोटा ताजा मासा काट्यासकट, गांडूळ, गडद हिरवा पाला आणि किसलेले गाजर किंवा लाल भोपळा असा आहार पुरतो. टाकीत समुद्रफेसाचा तुकडा ठेवला तर कासव हवे तेव्हा कुरतडून कॅल्शियम मिळवते. जमिनीवरच्या कासवांना दूर्वा आणि इतर गवते, जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा आणि शेवग्याचा पाला मानवतो. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते, कोबी रोज देण्यासारखी नाही, आणि दूध-भाताने त्यांची आतडी बिघडतात.

अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे पहिले लक्षण डोळ्यांत दिसते. पापण्या सुजतात, मग मिटतात. डोळे मिटले की अन्न दिसत नाही, म्हणून कासव खात नाही, आणि न खाल्ल्याने कमतरता वाढते. पुढे डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी, गाठ येते. कासवाचा पू पातळ नसतो, तो पनीरसारखा घट्ट असतो; सुईने ओढून किंवा दाबून निघत नाही. भूल देऊन तो डॉक्टरांनाच काढावा लागतो. औषधाच्या दुकानातून अ जीवनसत्त्वाचे थेंब आणून भरपूर पाजण्याचा मोह इथे होतो. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि जास्त झाले, विशेषतः इंजेक्शनने, तर कातडीचे पापुद्रे निघून उघडे मांस दिसू लागते. आहार सुधारणे हाच पाया. बाकी मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

श्वसनाचा आजार हा या भागात सर्वांत वारंवार जीव घेणारा. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते. फुप्फुसे पाठीच्या ढालीखाली चिकटून असतात आणि पायांच्या व स्नायूंच्या हालचालीने श्वास चालतो. खोकून कफ बाहेर टाकणे त्याला जवळपास जमत नाही. नाकातोंडातून बुडबुडे, मान ताणून तोंड उघडणे, शिट्टीसारखा आवाज आणि पोहताना एका बाजूला कलणे ही त्याची लक्षणे. कलणे म्हणजे बहुधा एका फुप्फुसात द्रव भरला आहे. हे दिसताच दिवस मोजत बसू नये. खोल पाणी बंद करावे, कासव उबदार, कोरड्या, निवांत जागी ठेवावे आणि दिवसातून एक-दोनदा हनुवटीपर्यंतच येईल अशा कोमट पाण्यात देखरेखीखाली पंधरा-वीस मिनिटे बसवावे. त्याच पाण्यात ते पाणी पिते आणि बहुधा तिथेच विष्ठा करते. एक्स-रे काढल्याशिवाय फुप्फुसे किती बाधली हे कळत नाही.

पाठ हा कासवाचा अंगरखा नव्हे, सांगाड्याचा भाग आहे. बरगड्या आणि मणके जुळून झालेल्या हाडांवर शृंगद्रव्याचे खवले चढलेले असतात आणि त्या हाडाला रक्तपुरवठा व संवेदना दोन्ही असतात. म्हणून पाठीवर रंग देणे, भोक पाडून दोरी बांधणे हे क्रूर आहे, आणि आजही ते दिसते. कॅल्शियम आणि यूव्हीबी कमी पडले की पाठ मऊ, वेडीवाकडी होते, जबडा रबरासारखा होतो. जमिनीवरच्या कासवांच्या पाठीवर उंचवटे उठतात. सुधारणा झाली तरी वाकडेपण जात नाही, फक्त नवी वाढ सरळ होते. पाठ कुजणे हा दुसरा प्रकार : खवल्याखाली पांढरट किंवा गुलाबी डाग, खड्डा, दुर्गंधी. घाण पाणी आणि कोरड्या जागेचा अभाव ही त्याची मुख्य कारणे. खवले वर्षातून काही वेळा पातळ पापुद्र्याने गळणे स्वाभाविक आहे. त्याखाली निरोगी, घट्ट, स्वच्छ खवला दिसतो. कुजण्यात खालचा भाग मऊ असतो. उथळ असेल तर पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसून दिवसातले बरेच तास कोरडे ठेवल्याने आठवड्यांत फरक पडतो. हळद-तेल लावू नये. तेलाखाली ओल आणि मळ अडकून कूज खोल जाते.

गॅलरीतून पडणे, गाडीखाली येणे, कुत्र्याने चावणे यांमुळे पाठ फुटते. अशा वेळी पाण्यात ठेवू नये. सलाइनने ओले केलेले निर्जंतुक गॉज लावून, माश्या बसणार नाहीत असे झाकून, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. एम-सील किंवा फेविक्विकने भेग बुजवणे म्हणजे आत जंतू कोंडणे. फुटलेली पाठ सांधता येते, पण ते हाड भरायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. एके काळी ठाणे जिल्ह्यात आणि आता पालघरमध्ये असलेल्या डहाणूच्या समुद्री कासव उपचार केंद्रात जाळ्यात अडकून पर गमावलेली कासवे याच चिकाटीने सांभाळली जातात.

एकटी वाढलेली मादीही अंडी घालते, नर असण्याची गरज नसते. अस्वस्थपणे फिरणे, मागच्या पायांनी उकरणे, खाणे सोडणे ही लक्षणे असतील तर तिला मातीचा किंवा ओल्या वाळूचा, पुरेसा खोल ट्रे द्यावा. जागा न मिळाल्यास अंडी अडकतात, आणि तो तातडीचा प्रसंग असतो.

औषधांविषयी दोन गोष्टी ठाम सांगायला हव्यात. कुत्र्या-गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांच्या मेंदूत शिरते आणि त्यांना मारते. ते कोणत्याही मात्रेत देऊ नये. दुसरे, प्रतिजैविकाची मात्रा वजनाच्या ग्रॅमवर ठरते आणि काही इंजेक्शने तीन दिवसांतून एकदाच द्यायची असतात, कारण कासवाच्या शरीरातून औषध हळू निघते. इंजेक्शन सहसा पुढच्या पायांत देतात; शरीराच्या मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकते. खात नाही म्हणून चमच्याने जबरदस्तीने भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाते. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न हा क्रम डॉक्टर पाळतात आणि गरज पडली तर मानेतून नळी घालून भरवतात.

ठाण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, कासवावर उपचार करणारे मोजके. नेण्याआधी फोन करून विचारणे बरे. खात्रीचे ठिकाण परळ : तिथले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. डोंबिवली किंवा कल्याणहून मध्य रेल्वेने जाताना गर्दीची वेळ टाळावी, भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर टॉवेल अंथरून कासव ठेवावे, पाणी भरू नये. बरोबर वजनाची वही, टाकीचा फोटो आणि खाण्याची यादी न्यावी. ताजी विष्ठा डबीत नेता आली तर जंताची तपासणी लगेच होते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःलाही जपायचे आहे. वरून निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत लहान मुलांना याची लागण होऊ लागल्यावर १९७५ पासून चार इंचांहून छोट्या कासवांची विक्री बंद झाली. हात साबणाने धुणे, टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतणे आणि पाच वर्षांखालील मुलांनी कासव न हाताळणे हे नियम घरात कुणी वृद्ध किंवा आजारी असेल तर अधिकच पाळावेत.

बरे होताना कासव आधी डोळे उघडते, मग ऊन खायला वर चढते, मग खाते. वजन सर्वांत शेवटी वाढते, म्हणून खायला लागले की औषध थांबवू नये. उपचाराला कंटाळून किंवा आकाराने मोठे झाले म्हणून स्लायडर ठाण्याच्या तलावपाळीला किंवा कल्याणच्या काळा तलावात सोडून देणे हा त्यावरचा मार्ग नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली. ते स्थानिक फ्लॅपशेलचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते, आणि आजारी असेल तर आपले जंतूही तलावाला देते. कल्याणच्या गौरीपाडा तलावात जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या संख्येने कासवे मरून वर आली. आपल्या तलावांतल्या कासवांचा जीव किती नाजूक झाला आहे हे त्या घटनेतून सर्वांनी पाहिले आहे. सांभाळणे अशक्य झाले तर बचाव संस्थेशी किंवा दुसऱ्या जाणत्या पालकाशी बोलावे.

कासव मेले आहे हे ठरवणेही सोपे नसते. गारठलेल्या कासवाचा श्वास बराच वेळ दिसत नाही आणि हृदय अतिशय मंद चालते. घाईने पुरू नये. उबेत ठेवून डॉक्टरांकडून डॉप्लर यंत्राने हृदय तपासून घ्यावे. संरक्षित जातीचे कासव मेल्यास वनविभागाला कळवणे बंधनकारक समजावे. टाकीत आणखी कासवे असतील तर शवविच्छेदन करून घ्यावे, मृत कासव तोवर फ्रीजरमध्ये न ठेवता बर्फाच्या पिशवीबरोबर गार ठेवून न्यावे, आणि अहवाल येईपर्यंत उरलेल्यांना वेगवेगळ्या टबांत, वेगवेगळ्या जाळीने आणि भांड्यांनी सांभाळावे.